समोरचे दोन दात

"सरकारी दरात नवीन पेशंट घेता का?" हे वाक्य त्या वसंतात मी इतक्या वेळा म्हटलं, की फोन उचलला तरी तोंडातून आधी तेच यायचं. एकदा बँकेतल्या माणसाचा फोन आला, तर त्यालाही विचारून बसले. तो म्हणाला, मॅडम, मी स्वतःच दोन वर्षं शोधतोय.

पेस्ट्यांच्या दुकानात मी कामाला; पेस्टी म्हणजे मटण-बटाटा भरलेली मोठी भाजकी करंजी. तिथल्या मागच्या अंगणात मैद्याचं रिकामं पिंप पालथं घालून मी बसायची. दहा मिनिटांची सुट्टी, त्यात तीन फोन व्हायचे. इंग्लंडच्या टोकाला, आमच्या कॉर्नवॉलमधल्या एकतीस दवाखान्यांचे नंबर मी ऑर्डरच्या वहीच्या पाठीमागे लिहून काढले होते. कुठे यादी बंद होती, कुठे फक्त शाळकरी मुलं घेत होते. ट्रूरोच्या एका मुलीने सांगितलं, नाव लिहून घेते, पण चार वर्षं लागतील.

दुकानात माझ्याबरोबर काम करणारी बेरिल दाराला टेकून उभी होती. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आणि पेस्टी वळण्यात माझ्याहून दहा वर्षांनी पुढे.

"काय म्हणाली?"

"चार वर्षं."

"तोवर तुझी पोर आजी होईल की गं."

"आधी तिला खोलीच्या बाहेर तर येऊ दे, बेरिल."

यावर ती आत जाऊन पीठ लाटायला लागली. बेरिलने थट्टा सोडली की समजायचं, गोष्ट खरंच वाईट आहे.

माझी मुलगी टेगन, वय बावीस. गावच्या सहा वल्ह्यांच्या होडीत तिसऱ्या जागेवर बसायची. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी शर्यतीत लाट आडवी आली, तिचं वल्हं पाण्यात जास्त खोल गेलं आणि पाण्याने ते धरून ठेवलं. असं झालं की होडी पुढे जाते आणि वल्ह्याची मूठ उलटी फिरून तुमच्याकडे येते. बहुतेकांच्या छातीवर बसते. टेगन वाकलेली होती, म्हणून तिच्या तोंडावर बसली. समोरचा एक दात अर्धा गेला, शेजारच्याचा कोपरा उडाला. किनाऱ्यावर आली तेव्हा ओठ टरारून सुजला होता, आणि तरी ती हसत सांगत होती की शर्यत आपण जिंकलो का ते आधी बघा. त्यानंतर हसणं बंद.

सरकारी तातडीच्या नंबरावर फोन केला तर चाळीस मैलांवर बॉडमिनला वेळ मिळाली. तिथल्या डॉक्टरने टोचणारी कड घासून दिली. कळ येते का विचारलं, नाही म्हणाली. "मग दिसण्याचं काम आमच्यात बसत नाही," तो म्हणाला, आणि बाहेर चौदा माणसं बसली होती, त्यामुळे त्याला तरी काय बोलणार. एकाने गालाला गोठवलेल्या मटारांची पिशवी धरली होती.

घरी आल्यावर टेगनने आपल्या खोलीतल्या आरशावर टॉवेल टाकला. मग ती ओठ मिटून बोलायला लागली, मग तोंडावर हात ठेवून, मग बोलेनाशी झाली. जेवण खोलीच्या दाराशी ठेवायचं, अर्धं परत यायचं. होडीवरच्या मैत्रिणी आल्या, तर मला खालून सांगावं लागलं की झोपलीय. दिवसा अकरा वाजता.

आणि जूनच्या पहिल्या सोमवारी तिला शाळेत रुजू व्हायचं होतं. सगळ्यात लहान मुलांच्या वर्गात मदतनीस म्हणून. ही नोकरी तिला मार्चमध्ये मिळाली तेव्हा ती स्वयंपाकघरात नाचली होती. सहा वर्षांची असल्यापासून तिला त्याच वर्गात परत जायचं होतं, फक्त या खेपेला मोठ्या खुर्चीवर बसायला. एप्रिल संपता संपता दाराखालून एक कागद बाहेर आला. मुख्याध्यापिकेला लिहिलेलं पत्र, दोन ओळींचं. मला येता येणार नाही, क्षमस्व. खाली मला उद्देशून लिहिलं होतं: टपालात टाक.

मी दाराशी जमिनीवर बसले. "टेगन, मला महिना दे."

मी कागदाची घडी घातली.

"बाई माझी, एक महिना. पत्र कुठं पळून जात नाहीये."

"चार वर्षांची मुलं असतात, आई. बोट दाखवून विचारतात." हात तोंडावर होता हे आवाजावरून कळत होतं.

पत्र मी चहाच्या डब्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी खाजगी दवाखान्याला फोन लावला. तिथली बाई गोड बोलली, पैसे घेणारी माणसं बोलतात तशी, पण खरंच गोड.

"तुम्हाला बाँडिंग लागेल. दातावर दाताच्याच रंगाचा लेप चढवतात आणि त्याला आकार देतात. दर दाताला दोनशे ऐंशी पौंडांपासून."

"'पासून' म्हणजे?"

"म्हणजे तिथून सुरू होतं."

"आणि संपतं कुठे?"

ती हसली, मग तिने नीट सांगितलं. तपासणीचे सत्तर. एक्स-रेचे तीस. आधी दात साफ करून घ्यावे लागतात, त्याचे नव्वद, कारण घाणीवर लेप धरत नाही. दात पांढरे करून हवे असतील तर ते आधीच करायचे, लेपाचा रंग नंतर बदलत नाही. सुई बहुतेक लागत नाही. एका दाताला पाऊण तास. पहिले काही दिवस जिभेला दात जाड लागेल. दोन दिवस चहा नाही, कॉफी नाही, करी नाही, केशराचा पाव तर मुळीच नाही. पाच ते सात वर्षं टिकतं, मग पुन्हा करायचं.

"पेशंट नखं खाते का? त्याने टवके उडतात."

"सध्या ती तेवढंच खाते," मी म्हटलं.

सगळं मिळून साडेसातशेच्या घरात जात होतं. माझ्याकडे होते एकशे दहा. मी एकतीस मे, शुक्रवारची वेळ घेतली आणि शनिवारची कामं धरली. शनिवारी सुट्टीच्या बंगल्यांमधले पाहुणे दहाला जातात, नवे चारला येतात. मधल्या सहा तासांत चादरी बदलायच्या, वाळू झाडायची, कुणाचे तरी केस मोरीतून काढायचे. पहाटे पेस्ट्या, शनिवारी मोऱ्या. पैसे साठत होते, पण दिवस त्याहून भराभर जात होते, आणि दाराशी ठेवलेली थाळी आता न उघडताच परत यायला लागली होती.

इथे मी ते केलं जे मी करायला नको होतं. पण माझी बाजू ऐकून घ्या.

तीस वर्षं मी पेस्टीच्या कडेला मुरड घालतेय. एका पेस्टीला वीस मुरडी, दिवसाला सहाशे पेस्ट्या. गावात म्हणतात लव्हडेची, म्हणजे माझी, मुरड डोळे मिटून ओळखता येते. ज्या बाईचं सगळं आयुष्य बोटांवर चाललं, तिला वाटायला लागतं की बोटांनी जमणार नाही असं जगात काही नाही. केमिस्टकडे सात पौंडांना एक डबी मिळते, पडलेलं फिलिंग तात्पुरतं बुजवायला. आमच्याकडे अर्ध्या घरांत ती डबी असते, मिठाशेजारी. मी ती आणली, वरच्या खोलीत गेले आणि म्हटलं, तोंड उघड.

आश्चर्य म्हणजे तिने उघडलं.

खाली आणून, स्वयंपाकघराच्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात, मी तिला दात करून दिला. पीठ मळतात तसं ते मळलं, चिकटवलं, ओल्या बोटाने कड ओढली, लोण्याच्या सुरीने तळ सपाट केला. खडूसारखा पांढरा झाला होता, पण आकार अगदी शेजारच्यासारखा. मग आम्ही वर गेलो, टेगनने टॉवेल बाजूला करून आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आई, तू तर डॉक्टरच."

तीन दिवस ती खाली जेवायला आली. चौथ्या दिवशी दुकानात आली, बेरिलने नव्या पाद्रीची नक्कल केली, ती हसली, आणि दात काउंटरवर पडला. खुळ्ळ असा आवाज झाला. दोन गिऱ्हाइकं रांगेत होती. बेरिलने जराही न थांबता त्यावर कागदी पिशवी ठेवली आणि विचारलं, पुढे कोण, मटणाची की चीजची. पण टेगन तोवर मागच्या दाराने गेली होती.

त्यानंतर दोन दिवस तिने पाणी सोडून काही घेतलं नाही. रात्री मी तिच्या दाराला कान लावून श्वास ऐकायची. तिच्या बापाचा धाकटा भाऊ असाच गेला होता, आधी जेवणातून उठला, मग बोलण्यातून. मी ते कुणाजवळ बोलले नाही. नुसती उठले, न्हाणीघरातल्या कपाटातून माझ्या खोट्या नखांची पेटी काढली, नखं चिकटवायच्या गोंदाची ती बारीकशी बाटली घेतली आणि केमिस्टच्या त्या डबीतल्या लेपात तो मिसळला.

"याची जास्त कडक जात मिळाली," मी तिला सांगितलं. "दातांचीच आहे. जरा वास येईल."

"खास वास आहे हा," ती नाक मुरडत म्हणाली. पण तिने डोळे मिटले आणि मान मागे टाकली. माझ्यावर भरवसा ठेवायची तिला लहानपणापासून सवय.

तो दात पडला नाही. एक आठवडा, दोन आठवडे. ती बसने शाळा बघायला जाऊन आली, मुलांची नावं पाठ करून आली. एका मुलाने तिला गोगलगाय भेट दिली होती. ती डब्यात घेऊन घरी आली, आणि मी त्या गोगलगाईला कोबीचं पान घातलं, इतकी मी खूश होते. चहाच्या डब्यातलं पत्र काढून जाळलं. वाटलं, जिंकलो. शुक्रवारची वेळ मोडून टाकावी असंही एकदा मनात आलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या आठवड्यात तो दात करडा दिसायला लागला. माझा लेप तसाच खडूसारखा पांढरा, आणि मागचा खरा दात ढगासारखा. मग हिरडीवर फोड आला. टेगन गोळ्या घ्यायची आणि म्हणायची, सोमवारपर्यंत काढते, मला काही होत नाही. तिला जायचंच होतं. तोंडाचा तो भाग सुजत होता आणि ती आरशासमोर "गुड मॉर्निंग, मुलांनो"चा सराव करत होती.

शुक्रवारी ट्रूरोला गेलो. डॉक्टर तेशेरा पोर्तुगालचे, बारीक आवाजाचे, हात लहान आणि स्वच्छ. त्यांनी टेगनला आडवं केलं, दिवा ओढला आणि मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची परवानगी दिली. सळईने दातावर टकटक केलं. टेगन खुर्चीतून वीतभर उडाली.

"हा लेप कुणी चढवला?"

"आईने," टेगन म्हणाली. आवाजात अजून कौतुक होतं. "केमिस्टकडच्या डबीतला."

"डबीतला नाही हा. तो मी नखाने काढू शकतो." त्यांनी भिंगातून माझ्याकडे बघितलं. डोळे केवढे तरी मोठे दिसत होते. "काय आहे हे?"

"डबीतलंच," मी म्हटलं. "कडक जात."

त्यांनी मान हलवली आणि यंत्र उचललं. ते घासायला लागले, थांबले, पुन्हा लागले. टेगनच्या हाताची बोटं खुर्चीच्या कडेवर पांढरी झाली होती. "कुठे लेप संपतो आणि कुठे दात सुरू होतो, ते मला दिसत नाहीये," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "अंदाजाने घासलं तर चांगला दातही जाईल. काय आहे ते कळलं असतं तर ते कसं काढायचं ते मला ठरवता आलं असतं."

यंत्र पुन्हा सुरू झालं.

"गोंद आहे," मी म्हटलं. "नखांचा. खोटी नखं लावतात तो."

यंत्र बंद झालं. नर्सने हातातली नळी खाली घेतली. टेगनचं तोंड उघडंच होतं, तिला बोलता येत नव्हतं, पण तिचे डोळे माझ्याकडे वळले. दिव्यामुळे मला ते नीट दिसले.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक्स-रे काढला आणि पडद्यावर मुळाच्या टोकाशी एक काळा ठिपका दाखवला, मसुराच्या डाळीएवढा. दात आतून मेला होता, खाली पू झाला होता.

"गोंदामुळे?" मी विचारलं.

"वल्ह्याच्या तडाख्यानेही मेला असता. कदाचित वाचलाही असता. लेपाखाली काय चाललंय ते कुणाला दिसलं नाही, एवढं खरं." ते हातमोजे बदलत होते. "याचं उत्तर मी देऊ शकत नाही, बाई. खोटं उत्तर देणार नाही."

या दाताला आता रूट कॅनॉल, सहाशे वीस, आणि ते झाल्यावर बाँडिंग. नाहीतर दात काढून टाकायचा आणि काढता-घालता येणारा एक खोटा दात लावायचा. आज ते दात उघडून पू काढतील, औषध भरतील, दात अर्धा तो अर्धाच राहील. शेजारच्याचा उडालेला कोपरा मात्र आज करून देता येईल.

"तो करा," टेगन म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी कोपऱ्यात बसून सगळं बघितलं. दातावर निळं जेल लावलं, धुतलं, वाळवलं. नखाएवढ्या काचेवर तीन छटा काढून दाताशेजारी धरल्या आणि मधली निवडली. मग थर. एक पातळ थर, त्यावर निळा दिवा, पुन्हा थर. त्यांची बोटं माझ्यासारखीच कड ओढत होती, फक्त त्यांना ठाऊक होतं कुठे थांबायचं. शेवटी घासून चकाकी आणली. कुठे दात संपला आणि कुठे लेप सुरू झाला ते मलाही सापडलं नाही, आणि मी मुरडी ओळखणारी बाई. त्याच्या शेजारी तो करडा, अर्धा.

आजच्या कामाचे पैसे मोजून दिले आणि आम्ही गाडीपाशी आलो. मी किल्ली शोधत होते.

"नखांचा गोंद, आई," टेगन म्हणाली.

"मला भीती वाटत होती."

"कशाची?"

मी पिशवीत आणखी खोल हात घातला. शेजारी कुणीतरी ट्रॉलीतून सामान गाडीत भरत होतं.

"तू म्हणालीस दातांचीच आहे. मी तोंड उघडून पडले होते तुझ्यासमोर आणि तू म्हणालीस दातांचीच आहे." आता ती ओरडत होती. सहा आठवड्यांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "मला सांगितलं असतंस तर मी नको म्हणाले असते, आणि तुला ते नको होतं. तुला फक्त मी खाली जेवायला यायला हवी होते. कशीही. तोंडात काहीही घालून. दुखायला लागलं तेव्हा तरी सांगायचंस. मी गोळ्या खात होते आणि तू गोगलगाईला पानं घालत होतीस."

सामान भरणारी बाई थांबून बघत होती. पलीकडे दोन म्हातारे. टेगनला ते दिसत होते, तिला त्याचं काही नव्हतं. तोंड पुरतं उघडं होतं, हात दोन्ही बाजूला, आणि दुपारच्या उन्हात तो अर्धा दात सगळ्यांसमोर होता. मी कमरेवरची पिशवी घट्ट धरून उभी राहिले आणि ऐकून घेतलं. एकही शब्द खोटा नव्हता.

गाडीत बसल्यावर तिने फोन काढला. पडद्यावर शाळेचं नाव दिसलं. मला वाटलं, मी जाळलेलं पत्र ती आता तोंडाने सांगणार.

"नमस्कार. टेगन बोलतेय, सोमवारपासून येणारी." सुजलेल्या ओठांतून शब्द जाड येत होते. "एक सांगायचं होतं. माझा समोरचा दात अर्धा आहे आणि काळा पडलाय. पुढचे काही महिने तसाच असेल, दुरुस्तीला पैसे जमेपर्यंत. मुलं विचारतील. तुम्हाला चालणार नसेल तर आत्ताच सांगा." थोडा वेळ ती ऐकत होती. "नाही, लपवणार नाही. हो. पावणेआठला."

तिने फोन मांडीवर ठेवला.

"सोमवारी मी सोडीन तुला," मी म्हटलं.

"नको. मी बसने जाईन." मग खिडकीकडे तोंड करून, "आणि रूट कॅनॉलचे पैसे मी भरणार. तू शनिवारची कामं सोड."

"सोडते."

"आत्ता खोटं बोलतेयस."

"हो," मी म्हटलं.

ती हसली नाही. रेडरुथच्या पुढे मी जुन्या रस्त्याला वळले. समोर गवताच्या गासड्यांनी भरलेला ट्रॅक्टर लागला, दहाच्या वेगाने रांगत चाललेला. दोनदा रस्ता मोकळा मिळाला. मी गाडी पुढे काढली नाही. ती माझ्या शेजारी बसली होती, रागाने, गालाला हात लावून, आणि घर यायला अजून वेळ होता.